डी अँड डी पाचवी आवृत्ती : लढाईतला ॲक्शनचा हिशोब

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एखादी तुकडी हरली की दोष फाशांवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. समोरच्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळा काहीतरी उपयोगाचं करायला मिळालेलं असतं. एचपी (जीवाचे गुण), एसी (वार लागायला गाठावा लागणारा बचावाचा आकडा), डॅमेज (वाराने होणारं नुकसान) हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण लढाईतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीत करता येणारं एक मुख्य काम. खाली जे डावपेच दिले आहेत ते सगळे याच एका मापाने मोजलेले आहेत : शत्रूची एक ॲक्शन बुडाली का, आणि आपली एक वाचली का?

नियम २०१४ च्या पुस्तकांप्रमाणे दिले आहेत, कारण अजून बरीच टेबलं त्यावरच चालतात. २०२४ च्या सुधारित नियमांत जिथे मोठा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. दोन्हींची खिचडी मात्र करू नका. कोणत्या पुस्तकाने खेळायचं ते डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पहिल्याच सत्रात ठरवावं, नाहीतर लढाईच्या ऐन मध्यावर वाद सुरू होतो.

पायरी १ : फासे टाकण्याआधी

कॅरेक्टर शीटवर चार आकडे ठळक लिहून ठेवा : प्रत्येक हत्याराचा अटॅक बोनस, त्याचं डॅमेज, तुमच्या मंत्रांचा सेव्ह डीसी (सेव्ह म्हणजे बचावाचा फासा, डीसी म्हणजे त्यात गाठायचा आकडा) आणि तुमचा वेग चौकोनांत. नकाशावरचा एक चौकोन ५ फुटांचा, म्हणजे ३० फूट वेग असणाऱ्याला सहा चौकोन. मूळ नियमाप्रमाणे तिरका चौकोनही ५ फुटांचाच धरतात. तिरक्या चालीत एक चौकोन ५ फूट आणि पुढचा १० फूट मोजायचा हा पर्यायी नियम आहे. तो वापरणार असाल तर आधी सांगा.

अटॅक बोनस म्हणजे ॲबिलिटी मॉडिफायर (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी अशा गुणातून मिळणारा आकडा) अधिक प्रोफिशियन्सी बोनस. प्रोफिशियन्सी पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंत +२, पाचव्या ते आठव्यापर्यंत +३, आणि पुढे दर चार लेव्हलला एकाने वाढते. सेव्ह डीसी काढताना यातच आठ मिळवायचे.

पायरी २ : इनिशिएटिव्ह आणि बेसावध शत्रू

इनिशिएटिव्ह म्हणजे पाळीचा क्रम. प्रत्येकाने डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकून डेक्स्टेरिटी (चपळाई) मॉडिफायर मिळवायचा. मोठ्या आकड्यापासून क्रम लागतो आणि तो लढाई संपेपर्यंत बदलत नाही. एकाच जातीच्या राक्षसांसाठी डीएमने एकदाच फासा टाकावा, वेळ वाचतो. पण सहा-सात गोब्लिन एकाच आकड्यावर असतील तर ते सगळे एकापाठोपाठ वार करतात आणि एखादं पात्र मध्ये कुणाची मदत मिळण्याआधीच कोसळतं. मोठ्या टोळीचे दोन गट पाडलेले बरे.

जो बेसावध सापडला त्याला २०१४ च्या नियमाप्रमाणे पहिल्या पाळीत हलता येत नाही, ॲक्शन घेता येत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शनही (एरवी दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) नाही. म्हणजे शत्रूच्या अख्ख्या टोळीची एक फेरी कापली जाते. दबा धरण्यात घालवलेली दहा मिनिटं म्हणूनच कोणत्याही मंत्रापेक्षा भारी पडतात. २०२४ मध्ये हा फायदा बराच कमी झाला आहे. आता बेसावध असणाऱ्याला फक्त इनिशिएटिव्हवर डिसॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून लहान घ्यायचा) मिळतो.

आपली पाळी मागे ढकलायची सोय पाचव्या आवृत्तीत नाही. जुन्या आवृत्त्या खेळलेले लोक इथे हमखास अडकतात. ‘मी विझार्डनंतर (जादूगारानंतर) खेळतो’ असं म्हणता येत नाही. जवळचा मार्ग म्हणजे रेडी (अट घडल्यावर करायची राखून ठेवलेली ॲक्शन), आणि त्याला किंमत मोजावी लागते. ती पुढे पाहू.

पायरी ३ : एका पाळीत काय काय मावतं

फेरी सहा सेकंदांची. तुमच्या पाळीत तुम्हाला एक हालचाल, एक ॲक्शन आणि एखादी वस्तू फुकटात हाताळण्याची एक संधी मिळते (तलवार उपसणं, दार ढकलणं वगैरे). बोनस ॲक्शन प्रत्येकाला आपोआप मिळत नाही. एखादी क्षमता किंवा मंत्र ‘बोनस ॲक्शन’ असं म्हणत असेल तरच ती आहे. रिॲक्शन एकच, आणि ती तुमची पुढची पाळी सुरू झाली की परत मिळते.

हालचाल तोडून वापरता येते. दोन चौकोन पुढे, वार, मग उरलेले चार चौकोन मागे. धनुर्धराने याची सवयच लावून घ्यावी : खांबाआडून बाहेर, बाण, परत आड. अनेक वार असतील तर दोन वारांच्या मध्येही चालता येतं.

चुका होतात त्या साधारण या जागी. धनुष्य ठेवून तलवार काढणं हे दोन वेळा वस्तू हाताळणं झालं, त्यातलं एकच फुकट. धनुष्य खाली टाकून तलवार काढली तर बहुतेक टेबलांवर चालतं. ढाल चढवायला किंवा उतरवायला पूर्ण ॲक्शन लागते. आणि २०१४ प्रमाणे बोनस ॲक्शनने मंत्र टाकला की त्याच पाळीत दुसरा मंत्र फक्त एका ॲक्शनचा कॅन्ट्रिपच (स्लॉट न लागणारा छोटा मंत्र) असू शकतो. हीलिंग वर्ड (बोनस ॲक्शनचा, बरं करणारा मंत्र) टाकून वर फायरबॉल (आगीचा स्फोट), हे जमत नाही. २०२४ ने हे सोपं केलं : एका पाळीत एकच स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या साठ्यातला एक) खर्च करता येतो.

पायरी ४ : लागेल का, याचा तोंडी हिशोब

डी२० अधिक अटॅक बोनस जर समोरच्याच्या एसीइतका किंवा जास्त झाला तर वार लागला. शक्यता काढायची युक्ती सोपी आहे : एसीमधून बोनस वजा करा, तो आकडा २१ मधून वजा करा आणि पाचने गुणा. +५ बोनस आणि १५ एसी असेल तर १० हवे, म्हणजे ११ गुणिले ५, बरोबर ५५ टक्के. फाशावर २० आला तर लागतोच आणि डॅमेजचे फासे दुप्पट होतात (फासेच, मॉडिफायर नव्हे); हाच क्रिटिकल. १ आला तर चुकतोच.

ॲडव्हांटेज म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा. त्याने हेच ५५ टक्के जवळपास ८० होतात. डिसॲडव्हांटेजने ३० वर घसरतात. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खातात, मग एका बाजूला तीन कारणं असली तरी. अंधारात न दिसणाऱ्या शत्रूवर वार करताना डिसॲडव्हांटेज, आणि तोही तुम्हाला पाहू शकत नसेल तर ॲडव्हांटेज. म्हणजे शेवटी साधाच फासा. काळोख केला की आपल्याला फायदा होईल असं मानणारे इथे फसतात.

ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राने निवडायचं खास कौशल्य) घेतलेल्यांसाठी याच हिशोबाचा एक उपयोग. २०१४ मध्ये वारावर −५ घेतलं तर डॅमेजला +१० मिळतात. चौथ्या लेव्हलचा फायटर (योद्धा), +५ बोनस, ग्रेटसोर्डचं सरासरी डॅमेज १०. क्रिटिकल बाजूला ठेवले तर ११ एसीच्या ओगरवर साध्या वाराची सरासरी ७.५ आणि −५ घेऊन १०. एसी १५ असेल तर ५.५ विरुद्ध ६, जेमतेम फायदा. एसी १८ ला ४ विरुद्ध ३, म्हणजे तोटा. आणि समोरच्याकडे चारच एचपी उरले असतील तर −५ घेणं हा निव्वळ हावरटपणा, मग एसी काहीही असो.

पायरी ५ : एकावरच तुटून पडा

एक एचपी उरलेला ओगर पूर्ण एचपीच्या ओगरइतकाच जोरात मारतो. या खेळात जखमी झाल्याने कुणी कमजोर होत नाही. सगळ्या डावपेचांचं मूळ या एका नियमात आहे.

आकड्यांत पाहा. समोर चार शत्रू, प्रत्येकाचे २० एचपी, प्रत्येक जण फेरीला सरासरी ५ डॅमेज करतो. तुमची तुकडी मिळून फेरीला २० करते आणि आधी खेळते. प्रत्येकाने आपापला शत्रू वाटून घेतला तर तीन फेऱ्या चौघेही उभे राहतात आणि चौथ्या फेरीत एकदम पडतात. तोवर तुम्ही ६० डॅमेज खाल्लेलं असतं. तेच सगळ्यांनी मिळून दर फेरीला एक पाडला तर १५, १०, ५ असे एकूण ३०. फासे तेच, हत्यारं तीच, आणि मार निम्मा.

आधी कोण? जो सर्वांत लवकर पडेल तो, असा साधा नियम ठेवा. त्याला अपवाद दोन. कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवायला लागणारं लक्ष) धरून बसलेला जादूगार, कारण तो पडला की त्याचा मंत्रही जातो. आणि आपल्या कुणाला पकडून ठेवलेला शत्रू. दणकट, मोठा एसी असलेला म्होरक्या नेहमी शेवटी. त्याला पाडायला तीन फेऱ्या लागणार असतील तर त्या तीन फेऱ्या त्याचे सगळे साथीदार मोकळे राहतात.

फायरबॉलचं गणित वेगळं. ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) म्हणजे सरासरी २८, २० फूट त्रिज्येत सगळ्यांना, डेक्स्टेरिटी सेव्ह जमला तर निम्मं. तो लढाईच्या पहिल्या फेरीतच टाकायचा असतो, शत्रू एकत्र आणि आपली माणसं बाहेर असताना. इनिशिएटिव्हमध्ये फायटर विझार्डच्या आधी आला असेल तर त्याने धावत घोळक्यात घुसू नये. त्या पाळीत भाला फेकावा, नाहीतर डॉज (बचावाची ॲक्शन) घेऊन थांबावं. या एका घाईने फायरबॉल जेवढे वाया जातात तेवढे शत्रूच्या सेव्हनेही जात नाहीत.

पायरी ६ : वार सोडून इतर ॲक्शन

डॉज घेतल्यावर तुमच्यावरचा प्रत्येक वार डिसॲडव्हांटेजने होतो (वार करणारा तुम्हाला दिसायला हवा) आणि डेक्स्टेरिटी सेव्हला ॲडव्हांटेज मिळतो. एसी १८ चा फायटर, समोर +४ चे गोब्लिन : एरवी ३५ टक्के, डॉजमध्ये १२. अरुंद बोळात तीन गोब्लिन अडवून धरायचे असतील तर यापेक्षा चांगला सौदा नाही. पण उघड्या मैदानात डॉज घेतलेल्याला शत्रू सरळ बगल देऊन मागच्या विझार्डवर जातो.

हेल्प ऐकायला छान वाटतं, पण सहसा तोट्याचं. सोबत्याला ॲडव्हांटेज देऊन तुम्ही त्याचे सुमारे २५ टक्के वाढवता, त्यासाठी स्वतःचा ५५ टक्क्यांचा वार सोडता. ज्याचा वार नाममात्र आहे त्यानेच हेल्प करावं. विझार्डचा फॅमिलियर (मंत्राने बोलावलेला छोटा सोबती) यासाठी उत्तम, कारण त्याला तसाही वार करता येत नाही. रोगला (Rogue, चोरट्या चालीचं पात्र) स्नीक अटॅकसाठी (त्याच्या जादा डॅमेजच्या वारासाठी) तर ॲडव्हांटेजही लागत नाही. लक्ष्यापासून ५ फुटांत त्याचा दुसरा कुणी शत्रू उभा असला आणि स्वतःला डिसॲडव्हांटेज नसला की पुरे. स्नीक अटॅक पाळीला एकदा असतो, फेरीला एकदा नव्हे. दुसऱ्याच्या पाळीत अपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्या शत्रूवर रिॲक्शनने केलेला वार) मिळाला तर तिथेही तो लागतो, आणि हे बरेच रोग विसरतात.

रेडीमध्ये तुम्ही ‘अमुक घडलं की तमुक करीन’ असं ठरवता आणि ते रिॲक्शनने होतं. दारामागून डोकावणाऱ्या धनुर्धराविरुद्ध हाच उपाय. किंमत अशी : रिॲक्शन गेली म्हणून अपॉर्च्युनिटी अटॅक नाही, एक्स्ट्रा अटॅक (एका ॲक्शनमध्ये जादा वार) फक्त स्वतःच्या पाळीत चालतो म्हणून एकच वार, आणि मंत्र रेडी केला तर स्लॉट लगेच खर्च होतो, वर तो कॉन्सन्ट्रेशनने धरून ठेवावा लागतो. अट घडलीच नाही तर सगळं पाण्यात. म्हणून अट ढोबळ ठेवा. ‘म्होरक्या बाहेर आला तर’ यापेक्षा ‘कुणीही शत्रू दारात दिसला तर’ बरं.

ग्रॅपल (पकडणं) आणि शव्ह (ढकलणं किंवा आडवं पाडणं) ही जोडी फार कमी लोक वापरतात. दोन्ही एकेका वाराच्या जागी करता येतात, त्यामुळे पाचव्या लेव्हलचा फायटर एकाच पाळीत पकडतो आणि आडवाही पाडतो. तुमचं ॲथलेटिक्स विरुद्ध त्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स. २०२४ मध्ये त्याऐवजी समोरच्याला सेव्ह असतो. पकडलेल्याचा वेग शून्य होतो, उठायला निम्मा वेग लागतो, म्हणजे तो उठूच शकत नाही. आधी सुटायला हवं आणि त्यातच त्याची ॲक्शन जाते. तोवर जवळून वार करणाऱ्या सगळ्यांना ॲडव्हांटेज. मात्र आडव्या पडलेल्यावर लांबून मारताना डिसॲडव्हांटेज असतो, म्हणून तुकडीत धनुर्धरच जास्त असतील तर शव्ह सोडून द्या. तुमच्यापेक्षा एकाच आकाराने मोठ्या प्राण्याला पकडता येतं. माणसाने ओगरला पकडावं, जायंटच्या नादी लागू नये.

पायरी ७ : उभं कुठे राहायचं

अपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो तो शत्रू तुमच्या पल्ल्याबाहेर जातो तेव्हा. पल्ल्याच्या आत त्याच्याभोवती कितीही फिरा, काही होत नाही. टेलिपोर्ट केलं किंवा कुणी ढकललं तरी मिळत नाही.

आड अर्धी असेल तर एसी आणि डेक्स्टेरिटी सेव्हला +२, पाऊण असेल तर +५, पूर्ण असेल तर नेमच धरता येत नाही. मध्ये उभा असलेला जीव, मग तो तुमचा सोबती का असेना, शत्रूला अर्धी आड देतो. मागून बाण मारणारे हे +२ कायम विसरतात. शत्रू ५ फुटांवर असताना बाण किंवा अटॅक रोलचा मंत्र मारला तर डिसॲडव्हांटेज.

दार अडवायचं म्हणजे दारात उभं राहायचं, ही समजूत सोडून द्या. दारात एक जण उभा राहिला की बाकीचे मागे अडकतात. त्याऐवजी दाराच्या आतल्या पहिल्या चौकोनाभोवती अर्धवर्तुळ करा. आत पाऊल टाकणाऱ्या एकट्यावर तुमचे तीन जण वार करतील आणि त्याचे साथीदार बाहेर रांगेत उभे राहतील.

दोन बाजूंनी घेरल्यावर ॲडव्हांटेज देणारा फ्लँकिंगचा नियम पर्यायी आहे. तो न वापरलेला बरा. ॲडव्हांटेज इतका स्वस्त झाला की ग्रॅपल, लपणं, पाडणं यांची गरजच उरत नाही, आणि गोब्लिनांची टोळी तुमच्यापेक्षा लवकर तुम्हाला घेरते.

पायरी ८ : कॉन्सन्ट्रेशन सांभाळणं

एका वेळी एकच. दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा मंत्र टाकला की पहिला जातो. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मा, यातला मोठा. प्रत्येक माराला वेगळा सेव्ह. +२ असणाऱ्याला डीसी १० साठी ६५ टक्के, पण लागोपाठ दोन मार बसले तर दोन्ही जमण्याची शक्यता ४२. मोठ्या एका वारापेक्षा छोटे तीन वार विझार्डला जास्त महाग पडतात ते यामुळे. वॉर कास्टर (या सेव्हला ॲडव्हांटेज देणारं फीट) घेतलं तर एका माराचे ६५ टक्के ८८ वर जातात.

पहिल्या काही लेव्हलना क्लेरिकने (देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्राने) ब्लेस हा मंत्र टाकलेला सर्वांत फायद्याचा. तिघांच्या प्रत्येक वाराला आणि सेव्हला १डी४, म्हणजे सुमारे साडेबारा टक्के जास्त, एका मिनिटापर्यंत. होल्ड पर्सन (जागीच गोठवणारा मंत्र) जमला तर शत्रूची पूर्ण पाळी जाते आणि ५ फुटांतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल होतो. पण ड्रॅगनसारख्या लेजेंडरी प्राण्याकडे फसलेला सेव्ह जमवून घेण्याची सोय असते, बहुधा दिवसातून तीनदा. तिथे महागडे मंत्र आधी टाकू नका. छोट्या स्लॉटचे मंत्र टाकून त्या तीन संधी आधी खर्च करायला लावा.

पायरी ९ : शून्य एचपी

शून्यावर बेशुद्ध. पाळी सुरू होताना डी२०. १० किंवा वर यश, खाली अपयश, तीन झाले की निकाल. १ म्हणजे दोन अपयशं, २० म्हणजे एक एचपी घेऊन जागे. पडलेल्याला मार बसला की एक अपयश, आणि ५ फुटांतून लागलेला वार क्रिटिकल असल्याने दोन.

शून्यावर आणल्यावर उरलेलं डॅमेज कमाल एचपीइतकं झालं तर थेट मृत्यू. पहिल्या लेव्हलचा ८ एचपीचा विझार्ड आणि २डी८+४ चा ओगर : १६ किंवा वर डॅमेज आलं की खेळ संपला.

एक एचपी असलेला सोबती पूर्ण ॲक्शन घेतो, म्हणून लढाईत बरं करायचं ते पडल्यावर. हीलिंग वर्ड ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनने होतो. पडण्याआधी क्युअर वूंड्सने सरासरी सात-आठ एचपी देण्यापेक्षा ॲक्शन वार करायला वापरा. वेळ मात्र साधायला हवी : शत्रूची पाळी झाल्यावर आणि सोबत्याची पाळी येण्याआधी. क्रम उलटा असेल तर तो उठण्याआधीच परत आडवा होतो. पोशन पाजायला २०१४ मध्ये ॲक्शन लागते, २०२४ मध्ये बोनस ॲक्शन.

डीएमसाठी थोडं

पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी जीवघेण्या लढाईची मर्यादा ४०० एक्सपी (अनुभवाचे गुण). एक गोब्लिन ५० चा, चार म्हणजे २००, पण तीन ते सहा शत्रूंना दोनने गुणायचं, म्हणजे बरोबर ४००. हा गुणक म्हणजे ॲक्शनचाच हिशोब आहे. २०२४ मध्ये तो काढून टाकला आहे, त्यामुळे तिथे टोळीच्या लढाया कागदावर दिसतात त्यापेक्षा अवघड निघू शकतात. उलट एकटा म्होरक्या नेहमी कागदापेक्षा मवाळ निघतो. चौघांच्या चार ॲक्शनपुढे त्याची एक पुरत नाही. लेजेंडरी ॲक्शन (इतरांच्या पाळ्यांनंतर मिळणाऱ्या जादा ॲक्शन) नसतील तर त्याला दोन-तीन साथीदार द्या.

गोब्लिन बोनस ॲक्शनने लपू किंवा निसटू शकतो. त्याला समोर उभं करून मरू देऊ नका. वेग हवा असेल तर राक्षसांचं सरासरी डॅमेज वापरा आणि खेळाडूंना अटॅक व डॅमेजचे फासे एकत्र टाकायला सांगा.

पळायचं असेल तर

नुसतं डिसएंगेज (अपॉर्च्युनिटी अटॅक न खाता निसटायची ॲक्शन) करून ३० फूट गेलात तर शत्रू ३० फूट चालून येतो आणि वारही करतो. डॅश (ॲक्शन खर्चून दुप्पट चाल) केलात तर निघताना अपॉर्च्युनिटी अटॅक खाता आणि तोही डॅश करतो, अंतर तेवढंच. म्हणून पळण्याआधी मध्ये काहीतरी टाकावं लागतं : बंद करता येईल असं दार, वेब (जाळ्याचा मंत्र), किंवा सर्वांत स्वस्त म्हणजे पहिल्या लेव्हलचा फॉग क्लाउड. अपॉर्च्युनिटी अटॅकसाठी शत्रू दिसावा लागतो, आणि धुक्यात कुणीच दिसत नाही. तो मंत्र टाकणाऱ्याने शेवटी निघू नये, कारण त्याला मार बसून कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर धुकंही जातं. पडलेल्या सोबत्याला उचलायचं काम सर्वांत जास्त स्ट्रेंग्थ असणाऱ्याचं. वजनाची मर्यादा स्ट्रेंग्थच्या १५ पट पौंड, म्हणजे १६ स्ट्रेंग्थला २४०. चिलखतासह रोग किंवा विझार्ड त्यात बसतो. प्लेट आर्मर एकटंच ६५ पौंडांचं असतं, त्यामुळे फायटरला उचलायचं असेल तर त्याची पाठीवरची पिशवी तिथेच सोडा.